उदयशंकर : परदेशात सापडलेली स्वदेशाची वाट

परदेशात नृत्य शिकणारी आपली मुले कधीतरी विचारतात, की आम्ही करतो ते ‘अस्सल’ भारतीय आहे का? अशा वेळी मला नर्तक उदयशंकर यांची आठवण होते. मी व्यवसायाने डॉक्टर, नृत्यातला जाणकार नव्हे. तरीही देश सोडून आलेल्या आपल्यासारख्यांनी त्यांचे जीवन जाणून घ्यावे, असे मनापासून वाटते.

८ डिसेंबर १९०० रोजी एका बंगाली कुटुंबात उदयपूर येथे त्यांचा जन्म झाला. गावावरूनच त्यांचे नाव ‘उदय’ ठेवले गेले. लहानपणी आजोळी, गाझीपूरजवळच्या नसरतपूर गावात, मातादीन नावाच्या चर्मकार कलावंताचा नाच ते तहानभूक विसरून पाहत. पण शिक्षण घेतले ते चित्रकलेचे! आधी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि १९२० पासून लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये.

लंडनमध्येच सुप्रसिद्ध रशियन बॅले नर्तिका ॲना पावलोवा यांच्याशी त्यांची गाठ पडली. १९२३ साली त्यांनी पावलोवांसाठी ‘राधा-कृष्ण’ आणि ‘हिंदू विवाह’ ही नृत्ये बसवली. स्वतः कृष्ण झाले. तोवर कोणत्याही शास्त्रीय नृत्याची तालीम त्यांना मिळालेली नव्हती. पुढे त्यांना बॅलेची ओढ लागली, तेव्हा पावलोवांनीच त्यांना आपल्या देशाच्या नृत्याकडे वळायला सांगितले.

नंतरची काही वर्षे पॅरिसमध्ये ओढगस्तीची गेली. अखेर ॲलिस बोनर या स्विस शिल्पकार स्त्रीच्या मदतीने ते भारतात आले आणि देशभर फिरून मंदिरांतील शिल्पे व प्रांतोप्रांतीची नृत्ये त्यांनी पाहिली. मग भाऊ, आई, काका, चुलत बहीण असे घरचेच लोक घेऊन त्यांनी नृत्यमंडळ उभारले. त्यात दहा वर्षांचे रविशंकरही होते! पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य विष्णुदास शिराळी संगीताची बाजू सांभाळत. मार्च १९३१ मध्ये पॅरिसला पहिला मोठा प्रयोग झाला. १९३२ च्या अखेरीस मंडळ अमेरिकेत पोहोचले. त्यांचे शिव-तांडव पाहून परदेशी प्रेक्षक भारावून जात.

शिल्पातली मुद्रा दगडात स्थिर असते. एका मुद्रेतून दुसरीत शरीर कसे जाईल, हे शिल्प सांगत नाही. ही मधली हालचाल उदयशंकरांनी आपल्या बुद्धीने शोधली. शास्त्र जाणणाऱ्या काहींनी या नृत्याला अशास्त्रीय ठरवले. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. उदयशंकरांनाही उणीव जाणवत असावी, कारण नाव झाल्यावर ते कथकळीचे गुरू शंकरन् नंबुद्री यांच्यापुढे शिष्य म्हणून बसले.

पुढे त्यांनी अलमोड्याला कलाकेंद्र काढले. तिथे कथकळी, भरतनाट्यम्, मणिपुरी आणि संगीत या सर्वांचे गुरू एकत्र आणले. ‘श्रम आणि यंत्र’ या नृत्यात देवादिकांऐवजी कारखान्यातला मजूर रंगमंचावर आला. पण महायुद्धाच्या काळात पैशाअभावी केंद्र बंद पडले. १९४८ चा त्यांचा ‘कल्पना’ हा चित्रपटही तिकीटबारीवर फारसा चालला नाही. १९७१ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. २६ सप्टेंबर १९७७ रोजी कोलकात्यात त्यांचे निधन झाले.

केंद्र गेले, पण विद्यार्थी उरले. गुरुदत्त पुढे पुण्याच्या प्रभातमध्ये आले. शांती बर्धन यांनी मुंबईत लिटिल बॅले ट्रूप उभे केले. जोहरा सेहगल रंगभूमीवर आणि पडद्यावर गाजल्या.

म्हणून मुलांनी तो प्रश्न विचारला, तर त्यांना उदयशंकरांची गोष्ट जरूर सांगावी. दूर राहून सुरुवात करायला कमीपणा नाही. मात्र एकदा सुरुवात केली की मुळापर्यंत जाऊन, गुरूपुढे बसून शिकायची तयारी हवी.