कोसंबींचा अपुरा ग्रंथ
सदाशिव पेठेतल्या आपल्या शाळेत मी संस्कृत घेतलं ते गुणांसाठी. सरांनाही ते माहीत होतं! धर्मानंद कोसंबींनी त्याच संस्कृतसाठी १८९९ साली गोव्यातलं घरदार सोडून पुण्याची वाट धरली. त्यांचं ‘निवेदन’ मी निवृत्तीनंतर वाचलं. शालेय शिक्षण जेमतेम. पुढे काशी, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश हिंडून पाली शिकले. १९१० साली हार्वर्डला गेले, ते वॉरन यांचं ‘विसुद्धिमग्गा’चं अपुरं संपादन पुरं करायला. वॉरन १८९९ सालीच वारले होते. श्रेयावरून प्रा. लॅनमन यांच्याशी बिनसलं, कोसंबी परतले, फर्ग्युसनमध्ये पाली शिकवू लागले. तरी त्या कामासाठी पुन्हा अमेरिका गाठली. ग्रंथ निघाला १९५० साली; कोसंबींनी १९४७ मध्येच सेवाग्रामला देह ठेवला होता. शीर्षकपृष्ठावर नावं आहेत ती कधीच न भेटलेल्या या दोघांची.