निवारा देणाऱ्या पंडिता

मैत्रिणींनो, मुंबईला गेलं की गिरगाव चौपाटीवर आपण हौसेनं भेळ खातो. पण ११ मार्च १८८९ रोजी इथेच, चौपाटीच्या परिसरात, निराधार बायकांसाठी एक घर उघडलं होतं, हे किती जणींना ठाऊक आहे? त्या घराचं नाव ‘शारदा सदन’ आणि ते उघडणाऱ्या होत्या पंडिता रमाबाई.

१८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंना स्वतःला मात्र घर असं लाभलंच नाही. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत सहकुटुंब तीर्थक्षेत्रं हिंडायचे. दुष्काळात आईवडील गेले. पुढे भाऊ गेला आणि लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पतीही. पदरात तान्ही मनोरमा! डॉक्टर व्हायचं म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, पण ऐकू कमी येत असल्यानं तो बेत सोडावा लागला.

दुसरी एखादी हातपाय गाळून बसली असती. रमाबाईंनी अमेरिकेत पुस्तक लिहिलं, व्याख्यानं दिली, निधी जमवला आणि गिरगावात सदन थाटलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या बाया कर्वे.

१८९० मध्ये सदन पुण्याला हललं. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या. १८९३ मध्ये धर्मांतरावरून वादळ उठलं आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. तरी बाई डगमगल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी मुली गोळा करून त्यांनी केडगावला आणल्या. तिथल्या ‘मुक्ती’मध्ये अंध, अपंग, म्हाताऱ्या अशा सगळ्याजणींना थारा मिळाला. मनोरमेनं अंध मुलींना ब्रेल शिकवली. १९२१ मध्ये ही कर्तबगार लेक गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही.

तेव्हा असा निवारा म्हणजे कुणाची तरी दया होती. आज तो कायद्यात आलाय. २०१६ च्या कायद्यानं सरकारी घरांच्या योजनांत ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांसाठी ५ टक्के राखीव जागा ठेवल्यात, त्यातही बायकांना प्राधान्य. निराधार ज्येष्ठांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात वृद्धाश्रम काढण्याची तरतूद २००७ च्या कायद्यात आहे.

पण कायदा आपणहून कुणाच्या दारी येत नाही. आपल्या आळीत एखादी एकटी आजी असेल, डोळ्यांनी अधू बहीण असेल, तर तिच्यासोबत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन चौकशी तरी करूया. रमाबाईंची आठवण याहून चांगली कशी ठेवणार?