युद्धाचे नियम लिहिणारे प्राध्यापक

१८६२ सालचा फेब्रुवारी महिना. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेकडची राज्ये देशातून फुटून निघाली होती आणि उत्तरेचे सैन्य त्यांच्याशी लढत होते. टेनेसी राज्यातील डोनेल्सन किल्ल्यापाशी मोठी लढाई झाली. त्यानंतर न्यूयॉर्कचे एक वयस्कर प्राध्यापक जखमी सैनिकांच्या रुग्णालयांतून फिरू लागले. ते आपल्या मुलाला शोधत होते. मुलगा अखेर सापडला; पण त्याचा एक हात कायमचा गेला होता.

या प्राध्यापकांचे नाव फ्रान्सिस लीबर. मुलांनो, युद्धात म्हातारे, स्त्रिया आणि मुले यांना मारू नये, ही शिकवण जुनीच आहे. ती अनेक धर्मांत सापडते. पण शरण आलेल्या सैनिकाला कसे वागवावे, शत्रूच्या गावातील ग्रंथालयाचे काय करावे, असे बारीकसारीक नियम आधुनिक सैन्यासाठी प्रथम सविस्तर लिहून काढले ते या लीबर यांनी.

लीबर मूळचे जर्मन. त्यांचा जन्म बर्लिन शहरात झाला. १८१५ साली नेपोलियनविरुद्ध लढण्यासाठी कोवळ्या वयाचा फ्रान्सिस प्रशियाच्या सैन्यात भरती झाला. नामूर या गावाजवळ त्याच्या मानेत आणि छातीत गोळ्या लागल्या. युद्ध म्हणजे काय, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही! पुढे स्वतंत्र विचारांमुळे त्याच्याच सरकारने त्याला तुरुंगात टाकले. शेवटी १८२७ साली तो अमेरिकेतील बोस्टन शहरात आला. तेथे त्याने पोहण्याची शाळा चालवली आणि तेरा खंडांचा एक ज्ञानकोश संपादित केला. १८३५ पासून लीबर दक्षिण कॅरोलिना राज्यातील एका महाविद्यालयात शिकवू लागले.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. लीबर मनातून गुलामगिरीच्या विरुद्ध होते. तरीही दक्षिणेत राहत असताना त्यांनी स्वतःच्या घरी गुलाम ठेवले होते. त्यांच्या चरित्रातला हा डाग पुसता येत नाही.

१८५७ साली ते न्यूयॉर्कला गेले. थोरला मुलगा ऑस्कर मात्र दक्षिणेतच रमला. युद्ध सुरू होताच तो दक्षिणेच्या सैन्यात गेला. हॅमिल्टन आणि नॉर्मन हे धाकटे दोघे उत्तरेच्या. हात गमावला तो हॅमिल्टनने. त्याच वर्षी मे महिन्यात विल्यम्सबर्गच्या लढाईत ऑस्कर जखमी झाला आणि जूनमध्ये मरण पावला. एका बापाचे मुलगे दोन्ही बाजूंना! अशा माणसाला शत्रू हा परका कसा वाटेल?

सैन्यापुढे तेव्हा अवघड प्रश्न होते. गणवेश न घालता छापे घालणारा माणूस पकडला, तर त्याला सैनिक समजावे की लुटारू? पळून आलेल्या गुलामाला मालकाकडे परत पाठवावे का? उत्तरेच्या सैन्यात काळे सैनिक येऊ लागले होते आणि त्यांना युद्धकैदी मानणार नाही, असे दक्षिणेच्या सरकारने १८६२ च्या डिसेंबरात जाहीर केले होते. सरसेनापती हॅलेक स्वतः कायद्याचे जाणकार होते. त्यांनी लीबर यांचा सल्ला घेतला. त्याच डिसेंबरात चार सेनाधिकारी आणि लीबर अशी पाच जणांची समिती नेमली गेली.

मसुदा लिहिण्याचे काम लीबर यांच्यावर आले. त्यांनी तो लिहिला, छापून जाणकारांकडे पाठवला, सूचना मागवल्या. हॅलेक यांनीही त्यात काटछाट केली. अखेर १५७ कलमे तयार झाली. (उर्दूत कलम म्हणजे लेखणी, कायद्याच्या ज्या भागाला तुम्ही दफा म्हणता, त्याला मराठीत कलम म्हणतात.) २४ एप्रिल १८६३ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या संमतीने ती सैन्याचा हुकूम म्हणून निघाली.

त्या हुकुमात काय होते? विषाचा वापर करू नये. माहिती काढण्यासाठी कैद्याचा छळ करू नये. शत्रूच्या जखमी सैनिकांवरही उपचार करावेत. ग्रंथालये, रुग्णालये, कलाकृती जपाव्यात. सैन्याकडे पळून आलेला गुलाम त्या क्षणी स्वतंत्र होतो. आणि कैद झालेला सैनिक काळा असो वा गोरा, त्याला सारखीच वागणूक मिळाली पाहिजे. ज्यांच्या घरी गुलाम राबले, त्याच लीबर यांनी ही कलमे लिहिली!

सगळीच कलमे इतकी दयाळू नव्हती. वेढा घातलेल्या गावाची अन्नकोंडी करण्यास त्यांनी परवानगी दिली होती. इतकेच नव्हे, तर भुकेने बाहेर पडणाऱ्या सामान्य माणसांना परत आत ढकलण्याचीही. युद्ध जितके कठोर तितके ते लवकर संपते, असे त्यांना वाटे. हे मत पुढच्या पिढ्यांना पटले नाही. नागरिकांना उपाशी ठेवून लढण्यावर १९७७ च्या आंतरराष्ट्रीय करारात बंदी आली.

हा हुकूम युरोपातही वाचला गेला. स्विस कायदेपंडित ब्लुंट्श्ली यांनी त्याच्या आधारे आपला ग्रंथ रचला. लीबर मात्र आणखी पुढचा विचार करत होते. सर्व देशांना कायदा घालून देणारे सरकार जगात नाही. मग निरनिराळ्या देशांच्या निवडक कायदेपंडितांनीच एकत्र बसून, वादविवाद करून नियम का ठरवू नयेत? ही कल्पना त्यांनी मित्रांना पत्रांतून कळवली. २ ऑक्टोबर १८७२ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी बेल्जियममधील गेंट शहरात अकरा कायदेपंडित जमले आणि त्यांनी आंतरराष्ट्रीय कायद्याची संस्था स्थापन केली. १८८० साली या संस्थेने युद्धनियमांची एक पुस्तिकाही काढली.

१८९९ साली हॉलंडमधील हेग येथे २६ देशांचे प्रतिनिधी युद्धाचे नियम ठरवण्यासाठी बसले. त्यांनी मान्य केलेल्या कितीतरी नियमांचे मूळ लीबर यांच्या कलमांत होते. त्या वेळी अमेरिकन सैन्याच्या कायदा विभागाचे प्रमुख होते नॉर्मन लीबर, त्या तीन भावांतले धाकटे.