आर्ची, वय वर्षे दोन, महिने तीन

माझ्या हॉस्टेलच्या कपाटाच्या दाराला आतून एक फोटो चिकटवलेला आहे. (बाहेरून चिकटवायला बंदी आहे, म्हणून आतून.) फोटोत मी आहे. गोधडीवर पालथा झोपलोय, एक गाल दबलेला, तोंड उघडं. आजोबांनी काढलेला फोटो. त्यांच्याकडे रोलचा साधा कॅमेरा होता, फोकस कारखान्यातच ठरवून दिलेला. चार फुटांच्या आत शिरलं की सगळं धूसर. आणि आजोबा नेहमी चार फुटांच्या आत शिरायचे! त्यामुळे आमच्या अल्बममध्ये मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर अगदी तारखेसकट वाचता येतं आणि नातवंडं मात्र धुक्यात. फोटोच्या मागे बॉलपेनने माझं वय लिहिलंय, १ वर्ष ८ महिने.

मागच्या सेमिस्टरला रूममेटने तो फोटो मोबाईलवरच्या एका ॲपमध्ये घातला. दहा सेकंदांत चेहरा लख्ख झाला. पापण्या आल्या, भुवया आल्या, केस मोजता येतील इतके स्पष्ट. विंगमधले सगळे म्हणाले, झकास. पण तो मी नव्हतो. कुठल्या तरी जाहिरातीतलं गोंडस बाळ होतं ते. मी म्हटलं, राहू दे. का राहू दे, ते मात्र मला धड सांगता आलं नाही.

त्याच सुमारास फोटोग्राफी क्लबच्या भित्तिपत्रकासाठी एका जुन्या छायाचित्रकाराची माहिती लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. चिठ्ठी निघाली ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. आधी वाटलं, कुणीतरी कॅमेऱ्यावरून टोपणनाव घेतलंय. तसं नाही. आडनाव नवऱ्याकडून आलेलं, निव्वळ योगायोग. भित्तिपत्रकात जेमतेम दीडशे शब्द मावले. उरलेलं इथे लिहितोय.

ज्युलियाबाईंचा जन्म ११ जून १८१५ चा, कलकत्त्यातला. वडील जेम्स पॅटल ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत, आई फ्रेंच घराण्यातली. शिक्षण बरंचसं फ्रान्समध्ये झालं. पुढे तब्येतीसाठी दक्षिण आफ्रिकेत केपला राहायला गेल्या असताना त्यांना दोन माणसं भेटली. एक चार्ल्स हे कॅमेरॉन, त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे कायदेपंडित. मेकॉलेसोबत भारतीय दंड संहितेचा मसुदा करणाऱ्या कायदा आयोगाचे ते सदस्य होते. (तीच संहिता, जी २०२४ च्या जुलैपर्यंत आपल्याकडे चालू होती.) त्यांच्याशी १८३८ मध्ये कलकत्त्यात लग्न झालं.

दुसरा माणूस आपल्या कामाचा आहे. सर जॉन हर्शेल. खगोलशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्ध, पण फोटोग्राफीचं अर्धं रसायनशास्त्र या गृहस्थांचं. हायपो चांदीचे क्षार विरघळवतो हे त्यांनी १८१९ मध्येच दाखवलं होतं. त्यामुळे फोटो पक्का करता येऊ लागला. निगेटिव्ह, पॉझिटिव्ह हे शब्द फोटोग्राफीत त्यांनीच रूढ केले. आणि १८४२ मध्ये त्यांनी सायनोटाइप शोधला, म्हणजे निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा. सिव्हिल आणि मेकवाल्यांनो, ज्याला आपण ब्लूप्रिंट म्हणतो ती हीच. ड्रॉइंग हॉलमध्ये रात्री जागवताना कुणाला शिव्या द्यायच्या ते आता कळलं! तर या हर्शेलनी फोटोग्राफीचे अगदी सुरुवातीचे नमुने कलकत्त्याला ज्युलियाबाईंना पाठवले होते. बाईंनी एका मुलाचं नाव हेन्री हर्शेल ठेवलं, इतका घरोबा. पण स्वतः कॅमेरा हातात घ्यायला त्यांना पुढची वीस वर्षं लागली.

१८४८ मध्ये कुटुंब इंग्लंडला परतलं आणि १८६० मध्ये आइल ऑफ वाइट या बेटावर फ्रेशवॉटरला स्थायिक झालं. सिलोनमध्ये त्यांचे कॉफीचे मळे होते, त्यातल्या एकाचं नाव घराला दिलं, डिंबोला. शेजारी कवी टेनिसन. घर माणसांनी भरलेलं. स्वतःची मुलं होतीच, शिवाय सांभाळलेली वेगळी. त्यातली मेरी रायन ही पोर बाईंना रस्त्यावर आईबरोबर भीक मागताना दिसली होती. बाईंनी तिला घरी आणलं, शिकवलं, मग ती घरकाम करू लागली आणि फोटोंसाठी बसूही लागली. १८६५ च्या प्रदर्शनात हेन्री कॉटन नावाच्या तरुणाने तिचा फोटो पाहिला आणि १८६७ मध्ये तिच्याशी लग्नच केलं. हे कॉटन पुढे आय.सी.एस. अधिकारी म्हणून भारतात होते आणि १९०४ मध्ये मुंबईला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले! एका फोटोने काय काय होतं बघा. असो, विषय नातवंडांचा आहे.

१८६३ चा डिसेंबर. मुलगे दूर, नवरा मळ्यांच्या कामासाठी सिलोनला गेलेला. आई एकटी पडलीय हे पाहून मुलगी ज्युलिया आणि जावई चार्ल्स नॉर्मन यांनी तिला करमणूक म्हणून एक कॅमेरा भेट दिला. लाकडी पेटीचा, सुमारे ११ बाय ९ इंचांच्या काचा घेणारा. बाईंचं वय तेव्हा ४८. आणि त्या आजी झालेल्या होत्या, हे महत्त्वाचं.

आपण मोबाईल काढतो, बटण दाबतो. आता बाईंची पद्धत ऐका. गन कॉटन ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवून कलोडियन नावाचं चिकट द्रावण मिळतं. त्यात आयोडाइडचे क्षार घालायचे आणि ते स्वच्छ काचेवर सारखं पसरवायचं. मग अंधाऱ्या खोलीत ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची. ती ओली आहे तोवरच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा, पळत परत यायचं आणि वाळायच्या आत डेव्हलप करायची. काच वाळली की खेळ संपला. पुढे पोटॅशियम सायनाइडने पक्की करायची. हो, तेच सायनाइड! लॅबमध्ये आपल्याला ज्याच्या बाटलीला हातही लावू देणार नाहीत, ते घरात. मग विहिरीच्या पाण्याने धुवायची. एका फोटोला नऊ बादल्या पाणी लागे. आणि हे सगळं करून मिळते ती निगेटिव्ह. अल्ब्युमेन म्हणजे अंड्यातल्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावर उन्हात छापायचं काम अजून बाकीच.

बाईंनी कोळशाच्या खोलीची डार्करूम केली आणि कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्याचा स्टुडिओ. कोंबड्यांना मोकळं सोडलं. हात सिल्व्हर नायट्रेटने काळे पडलेले असत, आणि ओल्या काचा नवऱ्याला दाखवायला त्या जेवणघरात धावत, त्यामुळे टेबलक्लॉथवर कायमचे डाग. पहिल्याच एका प्रयत्नात, एका शेतकऱ्याला तासाचे पैसे देऊन बसवलं होतं, तर ओल्या काचेवर स्वतःचाच हात फिरवून फोटो पुसून टाकला. पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपची आठवण झाली मला.

खरी पंचाईत पुढे आहे. फोटोला वेळ लागे तीन ते सात मिनिटं. तेवढा वेळ समोरच्याने हलायचं नाही. दोन मुलांचा फोटो घेताना त्यांतलं एक पोर फिस्‌कन हसलं आणि काच वाया गेली. मग जानेवारी १८६४ मध्ये ॲनी फिलपॉट या मुलीला एकटीला बसवलं. तू हललीस तर माझी रसायनं आणि कष्ट फुकट जातील, अशी तिची अक्षरशः विनवणी केली. ॲनी हलली नाही. तो बाईंचा पहिला जमलेला फोटो. त्याच दिवशी छापला, चौकटीत बसवला आणि तिच्या वडिलांना देऊन टाकला.

ॲनी निदान समजण्याएवढी होती. दोन वर्षांच्या नातवाला काय विनवणार? घरात दोन वर्षांचं पोर असेल त्याला विचारा, ते सात सेकंदही एका जागी ठरत नाही. हातात बिस्कीट द्या, खुळखुळा वाजवा, काही उपयोग नाही. आज आपण नातवंडांचे धावतानाचे, मांजराच्या मागे लागल्याचे, वरणभात तोंडाला फासल्याचे फोटो काढतो, कारण शटर सेकंदाच्या शेकडाव्या भागात मिटतं. १८६५ मध्ये रोजच्या घरातला असा एकच क्षण कॅमेऱ्याच्या टप्प्यात होता. पोराची झोप.

बाईंनी तोच पकडला. थोरला मुलगा युजीन सैन्यात, तोफखान्यात होता. त्याचा मुलगा आर्चिबाल्ड, घरात आर्ची. १८६५ च्या त्या फोटोत आर्ची गाढ झोपलाय आणि त्याच्यावर एक बाई वाकलीय. ती घरातली मोलकरीण मेरी हिलियर. अंगावर वस्त्र असं घेतलंय की ती मेरीमाता दिसावी आणि पोर म्हणजे बाळ येशू. फोटोचं नाव डिव्होशन. आणखी एका फोटोत झोपलेल्या आर्चीजवळ क्रूस आहे. तेव्हाच्या चित्रकलेची हौस बाईंना फार, त्यामुळे घरातली सगळी माणसं आळीपाळीने देवदूत नाहीतर राजाराणी होत. मला स्वतःला हे नाटक जरा जास्तच वाटतं. क्लबमधल्या एकाने तर गॅदरिंगचा फोटो म्हणून टर उडवली.

पण मग खालची नोंद वाचली. डिव्होशनच्या एका प्रतीवर बाईंनी लिहून ठेवलंय की हा माझा नातू, युजीनचा मुलगा, वय २ वर्षे ३ महिने. म्हणजे वर देव आणि खाली महिने! बाळ येशूचे महिने कोण मोजतं? महिने मोजणारी ती आजी. मी कपाट उघडलं आणि आजोबांचं अक्षर पुन्हा पाहिलं.

नीट बघितलं तर त्या फोटोत झोप अगदी खरी आहे. दोन वर्षांचं पोर इतका वेळ झोपेचं सोंग करू शकत नाही. आणि आजी तिथे काळ्या हातांनी, श्वास रोखून उभी असणार.

आता धूसरपणाबद्दल. लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या लोकांनी बाईंना खूप झोडपलं. फोकस नाही, काचेवर डाग आहेत, बाईंना तंत्र येत नाही. त्यात तथ्य होतंच. पण कारण ऑप्टिक्सचं आहे. मोठी काच, लांब फोकल लेंथचं भिंग, ॲपर्चर उघडं आणि चेहरा अगदी जवळ, मग डेप्थ ऑफ फील्ड राहणार किती? डोळे आले की कान गेले. भिंगाचं तोंड बारीक केलं असतं तर सगळं स्पष्ट आलं असतं, पण वेळ आणखी वाढला असता. किंवा मागे सरकायचं. बाकीचे व्यावसायिक तेच करत. ज्युलियाबाई मागे सरकल्या नाहीत. उलट १८६६ मध्ये आणखी मोठा, १५ बाय १२ इंच काचेचा कॅमेरा घेतला. फोकस फिरवताना जिथे डोळ्याला बरं वाटेल तिथे त्या थांबत, पुढे स्पष्टतेसाठी फिरवत बसत नसत. सोसायटी नाकं मुरडत असताना बर्लिनच्या प्रदर्शनाने त्यांना १८६६ मध्ये सुवर्णपदक दिलं, आणि लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने १८६५ मध्येच फोटो विकत घेऊन १८६८ मध्ये स्टुडिओसाठी दोन खोल्याही दिल्या. टेनिसन, कार्लाइल, डार्विन सगळे त्यांच्यासमोर बसले. म्हातारे हर्शेलही १८६७ मध्ये बसले, बाईंनी आधी त्यांना केस धुवायला लावून ते पिंजारले होते.

१८७३ मध्ये कॅमेरा देणारी मुलगी ज्युलिया बाळंतपणात वारली. तिच्या मुलांचेही, म्हणजे नॉर्मन नातवंडांचे फोटो बाईंनी काढलेले आहेत. ज्या कॅमेऱ्याने आईचे फोटो घेतले त्याच हातांनी पोरांचे. याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही.

१८७५ मध्ये नवरा-बायको सिलोनला निघाले. पैशाची ओढाताण होती, मुलगे तिकडे होते, आणि नवऱ्याला तिथेच राहायचं होतं. सामानात दोघांच्या शवपेट्याही घेतल्या होत्या. तिकडे रसायनं आणि चांगलं पाणी मिळण्याची मारामार. तिथले मोजकेच फोटो उरले आहेत, बरेचसे मळ्यांवरच्या आणि आसपासच्या माणसांचे. २६ जानेवारी १८७९ ला डिकोयाच्या खोऱ्यात बाई गेल्या. बोगावंतलावाच्या चर्चमध्ये त्यांना पुरलं. पुढच्या वर्षी नवराही गेला.

नंतर लोक त्यांना विसरले होते. १९२६ मध्ये त्यांच्या बहिणीच्या नातीने, म्हणजे लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांनी, रॉजर फ्राय यांच्याबरोबर त्यांच्या फोटोंचं पुस्तक काढलं, तेव्हा पुन्हा नाव झालं. पुस्तकाच्या नावात मात्र थोर पुरुष आणि सुंदर स्त्रियाच आहेत.

आर्चीच्या फोटोची एक झेरॉक्स काढून मी माझ्या फोटोशेजारी लावलीय. झेरॉक्स असल्यामुळे तो आणखीनच धूसर आलाय. रूममेट म्हणाला, यालाही ॲपमध्ये घालू का? मी कपाटाला कुलूप लावलं आणि आम्ही मेसला गेलो.