दिवसाला एक मिलिमीटर

हॉस्टेलमध्ये दरवर्षी कुणाचा ना कुणाचा पाय प्लास्टरमध्ये असतोच. कधी बाईक घसरते, कधी फुटबॉल महागात पडतो. साधं फ्रॅक्चर काही महिन्यांत जुळतं. पण हाडाचा तुकडाच निघून गेला, किंवा पू होऊन हाड जुळेचना, तर? अशा वेळी पायाभोवती रिंगा, तारा आणि नटबोल्टांचा एक सांगाडा बसवतात. पाहिल्यावर वाटतं, हा आपल्या वर्कशॉपमध्येच केलाय की काय! तो ज्याच्या डोक्यातून निघाला, त्या गावरील इलिझारोव या डॉक्टरची ही गोष्ट.

इलिझारोव यांचा जन्म १५ जून १९२१ चा. कॉकेशसच्या डोंगराळ मुलखातल्या गरीब ज्यू घरात सहा भावंडांतले ते थोरले. शाळेत उशिराच गेले, पण हुशार! पुढे क्रिमियातल्या मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. महायुद्ध पेटलं आणि सगळं कॉलेजच कझाकस्तानात हलवावं लागलं. १९४४ मध्ये ते डॉक्टर झाले आणि नेमणूक झाली पश्चिम सायबेरियातल्या कुर्गान भागात, दोल्गोव्का नावाच्या खेड्यात. पंचक्रोशीत डॉक्टर म्हणजे तेच. बाळंतपणापासून मोडलेल्या हाडापर्यंत सगळं त्यांनाच बघावं लागे.

युद्धावरून परतलेल्या जखमी सैनिकांचे हाल त्यांनी जवळून पाहिले. मोडलेलं हाड जुळायचं तर आधी तिथे रक्ताची गुठळी होते, मग कूर्चेसारखा मऊ पूल तयार होतो आणि हळूहळू त्याचं कठीण हाड बनतं. टोकं फार हलत राहिली, तर हा पूल टिकत नाही. म्हणून महिनोन्‌महिने प्लास्टर! पण प्लास्टरने सांधेही जखडतात. सांध्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं आणि त्यासाठी हालचाल लागते. म्हणजे हाड जुळवायला जावं तर गुडघा आखडतो, अशी पंचाईत.

इलिझारोव यांनी यावर जो तोडगा काढला, तो मेकॅनिकलवाल्यांना लगेच पटेल. हाडातून आरपार बारीक तारा घालायच्या, त्या सायकलच्या स्पोकसारख्या ताणून बाहेरच्या रिंगांना आवळायच्या आणि रिंगा आट्यांच्या रॉडनी जोडायच्या. ताणलेल्या तारांमुळे हाड वाकत नाही, बाजूला सरकत नाही. पण पाऊल टाकलं की लांबीच्या दिशेने किंचित दबतं. हा एवढासा दाब हाड जुळायला उपयोगीच पडतो. शिवाय सांधे मोकळे, आणि पेशंट त्याच पायावर चालू शकतो. १९५२ मध्ये त्यांनी या उपकरणाच्या हक्कासाठी अर्ज केला.

खरी कमाल पुढेच आहे. असं सांगतात, की एका पेशंटने हाडाची टोकं जवळ आणण्याऐवजी नट उलटे फिरवले. टोकं लांब गेली. एक्स-रे काढला तर मधल्या फटीत नवं हाड तयार होत होतं! इलिझारोव यांनी हा नशिबाचा भाग म्हणून सोडून दिला नाही. कुत्र्यांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून त्यांनी नियमच बसवला. हाडाचं फक्त वरचं कवच कापायचं, आतला रक्तपुरवठा सांभाळायचा, पाच-सात दिवस थांबायचं आणि मग रोज एक मिलिमीटर ताणायचं. तेही एकदम नाही, पाव-पाव करून चार वेळा. घाई केली तर फटीत हाड धरत नाही, फार रेंगाळलं तर ते आधीच जुळून बसतं. ठरल्या गतीने हाडाबरोबर स्नायू, नसा आणि कातडीही वाढते.

हे मॉस्कोला मात्र पटेना. कुठल्याशा आडगावचा डॉक्टर, तो काय शिकवणार? काही बडे डॉक्टर त्यांना फिटर म्हणून हिणवत, असं म्हणतात. (आपल्याकडे ही शिवी कशी काय होते, कळत नाही!) ही उपेक्षा बरीच वर्षं चालली.

मग आला व्हॅलेरी ब्रुमेल. उंच उडीतला १९६४ चा ऑलिंपिक विजेता, २.२८ मीटरचा विश्वविक्रम नावावर. १९६५ मध्ये मोटारसायकलवर मागे बसला असताना अपघात झाला आणि उजव्या पायाचा चुराडा झाला. एकामागून एक ऑपरेशनं झाली, पण हाड जुळेना, पाय आखूड झाला. अखेर १९६८ मध्ये तो कुर्गानला पोचला. इलिझारोव यांनी हाड जुळवलं, पायाची लांबीही भरून काढली. ब्रुमेल पुन्हा दोन मीटरवर उडी मारू लागला! त्याच वर्षी इलिझारोव पेर्मला प्रबंध घेऊन गेले. खालच्या पदवीसाठी दिलेल्या त्या प्रबंधावर त्यांना थेट डॉक्टरेट मिळाली.

पश्चिमेकडे ही पद्धत पोचली त्यालाही एक पेशंटच कारण ठरला. इटालियन गिर्यारोहक कार्लो माउरी याचा जुना मोडका पाय १९८० मध्ये कुर्गानला बरा झाला. तो पाहून चक्रावलेल्या इटालियन डॉक्टरांनी १९८१ मध्ये इलिझारोव यांना भाषणाला बोलावलं. तिथून ही रिंग जगभर गेली. २४ जुलै १९९२ रोजी कुर्गानमध्येच त्यांचं निधन झालं. आज महाराष्ट्रातल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलांतही त्यांच्या रिंगा दिसतात.

रिंग म्हणजे जादू नव्हे, हेही सांगायला हवं. तारा जिथून कातडीत शिरतात त्या जागा नियमित साफ कराव्या लागतात, तिथे पू होऊ शकतो, दुखतंही. आणि हिशोब बघा. पाच सेंटिमीटर हाड हवं असेल तर नुसतं ताणायलाच पन्नास दिवस. ते कोवळं हाड वजन पेलण्याइतकं पक्कं व्हायला त्यानंतर आणखी काही महिने. एवढ्यात एखादी सेमिस्टर सहज निघून जाते.

ब्रुमेलचा पाय मोडायला एक क्षण पुरला होता. गेटबाहेरच्या उतारावर ट्रिपल सीट निघताना एवढं लक्षात ठेवा, दोस्तहो. मिलिमीटरचा हिशोब तिथे कुणाला सांगून उपयोग नसतो.