आधी हात, मग अक्षर : डॉ. मारिया मॉन्टेसरी यांची जीवनकथा



जून महिना आला की पहिलीच्या वर्गशिक्षिकेला एकच प्रश्न दहा तोंडांनी ऐकावा लागतो. आमचं मूल लिहायला कधी लागणार? काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. पेन्सिल मुठीत धरायचा आणि इतकी दाबायचा की पान फाटायचं. मी त्याच्या मागे उभी राहायचे, त्याचा हात माझ्या हातात घट्ट धरायचे आणि ‘ग’ गिरवून घ्यायचे. दहा वेळा, वीस वेळा. पुढे पुढे लेखनाची वही काढली की त्याला तहान लागायची. मला वाटायचं, पोरगं कामचुकार आहे.

माझी चूक मला कळली ती डॉ. मारिया मॉन्टेसरी यांच्याविषयी पुन्हा वाचताना. डी.एड.ला असताना त्यांचं नाव, जन्मसाल आणि पद्धतीची वैशिष्ट्ये आपण सगळ्यांनीच परीक्षेपुरती पाठ केली होती. त्या नावामागचं माणूस मात्र पाठांतरात हरवून गेलं. आज त्यांची गोष्ट सांगते.

डॉक्टर झालेली मुलगी

मारिया यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीत, अँकोना शहराजवळच्या किआरावाले या गावी झाला. वडील अलेस्सांद्रो सरकारी नोकरीत होते, विचारांनी जुन्या वळणाचे. आई रेनिल्दे यांना वाचनाची आवड. मारिया त्यांची एकुलती एक मुलगी. ती लहान असतानाच कुटुंब रोमला राहायला आलं.

मुलीनं फार तर शिक्षिका व्हावं, असा तो काळ. मारियाला आधी इंजिनियर व्हायचं होतं, म्हणून ती तांत्रिक शाळेत गेली. पुढे तिनं डॉक्टर व्हायचं ठरवलं. वडिलांना ते पटलं नाही, आई मात्र पाठीशी उभी राहिली. वैद्यकीय शिक्षण घेताना शवविच्छेदनाचा तास आला की अडचण व्हायची. मुलग्यांच्या बरोबरीनं एका मुलीनं उघड्या देहासमोर उभं राहणं गैर मानलं जाई. त्यामुळे सगळे गेल्यावर एकटीनं ते काम करावं लागे. तेही त्यांनी केलं आणि १८९६ साली रोम विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या. इटलीतल्या अगदी सुरुवातीच्या मोजक्या महिला डॉक्टरांपैकी त्या एक.

रिकामे हात

पदवीनंतर त्या विद्यापीठाच्या मनोरुग्ण चिकित्सालयात काम करू लागल्या. त्या निमित्तानं रोममधल्या वेड्यांच्या इस्पितळांत जाणं होई. त्या काळी बौद्धिक वाढ मंद असलेल्या मुलांनाही तिथेच कोंडून ठेवत. एका ठिकाणची मुलं जेवण झालं की जमिनीवर लोळून पावाचे तुकडे वेचत. सांभाळणारी बाई याला हावरटपणा म्हणायची. मॉन्टेसरींनी खोलीभर नजर फिरवली. तिथे हातात धरण्यासारखी एकही वस्तू नव्हती. मुलांना भूक होती, पण ती पोटाची नव्हती, हातांची होती.

मग त्यांनी इटार्ड आणि सेग्विन या दोन फ्रेंच डॉक्टरांचे ग्रंथ शोधून काढले. दोघांनीही अशा मुलांना इंद्रियांच्या आणि हातांच्या मदतीनं शिकवलं होतं. मॉन्टेसरींनी त्यांचं लेखन इटालियनमध्ये आणून स्वतःच्या हातानं उतरवून काढलं.

१९०० साली रोममध्ये अशा मुलांच्या शिक्षकांसाठी एक संस्था सुरू झाली. डॉ. ज्युसेप्पे मोंतेसानो यांच्याबरोबर मॉन्टेसरी तिच्या संचालक होत्या. दिवसभर मुलांबरोबर आणि रात्री नोंदी, असा त्यांचा दिनक्रम असे.

त्या काळातला एक प्रसंग प्रत्येक शिक्षकानं लक्षात ठेवावा असा आहे. अकरा वर्षांची एक मुलगी होती. हातात ताकद होती, हालचालही ठीक होती, पण तिला शिवणातला साधा टाकाही जमेना. सुई कपड्याच्या वर-खाली न्यायची कशी, हेच कळेना. मॉन्टेसरींनी शिवण बाजूला ठेवलं आणि तिला कागदी पट्ट्यांची चटई विणायला दिली. एक पट्टी वर, एक पट्टी खाली. चटई छान जमायला लागल्यावर पुन्हा सुई दिली, आणि मुलगी शिवू लागली!

यातून त्यांना एक गोष्ट पक्की कळली. एखादं काम येत नसेल तर तेच काम पुन:पुन्हा करून घेण्यात अर्थ नाही. त्या कामात हाताची जी हालचाल लागते, ती दुसऱ्या सोप्या कामातून आधी तयार करून द्यावी. पुढची सगळी मॉन्टेसरी पद्धत मला तरी या चटईवर उभी असल्यासारखी वाटते.

त्यांच्याकडची काही मुलं लिहा-वाचायला शिकून सर्वसाधारण मुलांबरोबर परीक्षा पास झाली. लोक थक्क झाले. मॉन्टेसरींना मात्र वेगळाच प्रश्न पडला. ही मुलं जर इथवर येतात, तर धडधाकट मुलं आपल्या शाळांत एवढी मागे का राहतात?

एक दु:ख

याच वर्षांत त्यांच्या आयुष्यात एक मोठी घटना घडली होती. ३१ मार्च १८९८ रोजी त्यांना मुलगा झाला, मारिओ. वडील म्हणजे सहकारी डॉ. मोंतेसानो. दोघांचं लग्न झालं नव्हतं. त्या काळी हे उघड झालं असतं तर डॉक्टरकी आणि काम दोन्ही गेलं असतं. बाळाला गावाकडे एका कुटुंबात वाढायला ठेवलं गेलं. पुढे मोंतेसानोंनी दुसरीकडे लग्न केलं आणि १९०१ साली मॉन्टेसरींनी ती संस्था सोडली. मारिओ त्यांच्याकडे राहायला आला तेव्हा तो पंधरा वर्षांच्या आसपास होता, आणि तेव्हाही जगाला तो भाचा म्हणूनच सांगितला गेला. जगाच्या मुलांसाठी राबणाऱ्या या बाईला स्वतःच्या मुलाचं बालपण मिळालं नाही. मी आई झाल्यापासून हा भाग वाचताना थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

सान लोरेंझोचं बालघर

६ जानेवारी १९०७. रोममधली सान लोरेंझो ही गरीब कामगारांची वस्ती. आईबाप कामाला गेले की लहान मुलं इमारतीत मोकाट फिरत, भिंती खराब करत. म्हणून इमारतीच्या व्यवस्थापनानं ५०-६० मुलांसाठी एक खोली दिली आणि मॉन्टेसरींवर देखरेख सोपवली. हेच पहिलं ‘कासा देई बांबिनी’, म्हणजे मुलांचं घर. पैसा नव्हता आणि प्रशिक्षित शिक्षिकाही नव्हती. मॉन्टेसरींनी आपलं साहित्य तिथे आणून ठेवलं आणि मुलांकडे बघत राहिल्या.

त्या साहित्यात लाकडी दट्ट्यांचा ठोकळा होता. ठोकळ्यात दहा भोकं, प्रत्येकात बसणारा एकेक दट्ट्या, आणि प्रत्येकाला वर छोटी मूठ. दट्ट्या चुकीच्या भोकात घातला तर शेवटी एक उरतोच. म्हणजे चूक दाखवायला बाईंची गरज नाही, ठोकळाच दाखवतो. सुमारे तीन वर्षांची एक मुलगी हे काम करत बसली होती. दट्ट्ये काढायची, मिसळायची, परत बसवायची. मॉन्टेसरींनी इतर मुलांना गाणी म्हणायला लावली, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, तरी तिचं लक्ष हटलं नाही. चाळीसहून अधिक वेळा तेच केल्यावर ती थांबली, समाधानानं इकडेतिकडे पाहू लागली. थकवा नाही की कंटाळा नाही.

आता त्या छोट्या मुठीकडे बघा. ती धरायला अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट लागतं. पेन्सिल धरायला काय लागतं? हीच तीन बोटं!

पुढे काही आया मॉन्टेसरींकडे आल्या. स्वतः निरक्षर, पण मुलांना लिहा-वाचायला शिकवा म्हणून मागणी. म्हणजे पालकांचा हा आग्रह आजचा नाही. इतक्या लहान वयात अक्षरं नकोत असं तेव्हा मॉन्टेसरींना वाटत होतं, पण आयांचा आग्रह त्यांनी मोडला नाही. लाकडी अक्षरं करून देणारा कारागीर मिळेना, म्हणून पुठ्ठ्याची आणि खरखरीत पॉलिश पेपरची अक्षरं कापली. मुलं त्यावरून बोट फिरवत आणि आवाज म्हणत. शिवाय चौकट ठेवून आकार काढायचे आणि आत रंगीत पेन्सिलीनं रेघा भरायच्या, हा उद्योग होताच. त्यात पेन्सिलीवर ताबा येत होता. अक्षर लिहिण्याचा सराव मात्र कुठेच नव्हता.

डिसेंबरमधला एक दिवस. छान ऊन पडलं होतं, मुलं गच्चीवर खेळत होती. मॉन्टेसरींनी एका पाच वर्षांच्या मुलाला खडू दिला आणि समोरच्या धुराड्याचं चित्र काढायला सांगितलं. त्यानं फरशीवर ते काढलं. मग थोडा थांबला, हसला, मला लिहिता येतंय असं ओरडत खाली वाकला आणि एक शब्द लिहिला. तो शब्द होता ‘हात’. मग बाकीची मुलं धावत आली, त्यांनाही खडू हवे होते. नंतरचे दिवस नुसता लिहिण्याचा सुकाळ. घराच्या भिंती, जमीन, एवढंच काय, पावावरसुद्धा अक्षरं दिसू लागली.

जगभर, आणि भारतातही

१९०९ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि नाव जगभर गेलं. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात काचेच्या भिंतींचा वर्ग भरवला गेला, लोक बाहेरून मुलांचं काम पाहत उभे राहत. इटलीत मुसोलिनीनं आधी या शाळांना पाठिंबा दिला. पण मुलांच्या हातून सत्तेची सेवा घडवणं मॉन्टेसरींना मान्य नव्हतं. १९३४ च्या सुमारास इटलीतल्या त्यांच्या शाळा बंद झाल्या. स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं, तेही सोडावं लागलं.

१९३९ साली थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या मारिओसह भारतात, मद्रासजवळच्या अड्यारला आल्या. पहिल्याच वर्गाला सुमारे ३०० शिक्षक होते. वय ६९. काही महिन्यांतच इटली युद्धात उतरली आणि हे दोघं इंग्रज सरकारचे शत्रूदेशीय ठरले. मॉन्टेसरींना अड्यारच्या आवारात स्थानबद्ध केलं आणि मारिओला आपल्या महाराष्ट्रात, अहमदनगरच्या छावणीत ठेवलं. ३१ ऑगस्ट १९४० रोजी, त्यांच्या सत्तराव्या वाढदिवशी, व्हाइसरॉयनं मारिओची सुटका केली. त्या आदेशात त्याला त्यांचा मुलगा म्हटलं होतं. जे नातं इतकी वर्षं झाकून ठेवावं लागलं, ते असं एका सरकारी कागदावर उमटलं.

१९४९ पर्यंत मधला काही काळ सोडला तर त्या भारतातच होत्या. कोडाईकनाल इथेही त्यांनी काम केलं. ६ मे १९५२ रोजी नेदरलँड्समधल्या नॉर्डविक या समुद्रकाठच्या गावी त्यांचं निधन झालं.

त्या भारतात येण्याच्या आधीपासूनच गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक भावनगरला या विचारावर काम करत होते. महागडं साहित्य गरिबाला परवडणार नाही हे ताराबाईंनी ओळखलं. पुढे बोर्डी आणि कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी बिया, शंख-शिंपले, पानं यांतूनच साहित्य उभं केलं. पैसे नाहीत ही सबब त्यांनी आपल्याला ठेवलेलीच नाही!

आपल्या वर्गात, आपल्या घरात

मी करून पाहिलेल्या कृती देते :

- सोलणे, निवडणे : वाटाण्याच्या किंवा भुईमुगाच्या शेंगा सोलणे, मिसळलेले राजमा आणि हरभरे तीन बोटांनी वेगळे करणे.
- चिमटे : कपड्यांचे चिमटे पुठ्ठ्याच्या कडेला लावणे आणि काढणे.
- ओतणे : एका पेल्यातून दुसऱ्यात आधी ज्वारी, मग पाणी. सांडलं तर पुसायचं फडकं मुलाच्याच हाती.
- बटणांची पाटी : जुन्या शर्टाचा पुढचा भाग पुठ्ठ्यावर ताणून लावणे, बटणं लावणे-काढणे.
- कागदी चटई : त्या अकरा वर्षांच्या मुलीची.
- खरखरीत अक्षरं : पॉलिश पेपरची अक्षरं, वळणाच्या दिशेनं बोट फिरवणे.

कृती दाखवताना सावकाश दाखवा आणि कमी बोला. मूल चुकलं तर लगेच हात घालू नका. अगदी लहान मुलं दाणे तोंडात, नाकात घालतात, म्हणून शेजारी बसाच.

त्या मुलाची वही मी महिनाभर दप्तरातच राहू दिली. त्याला चटई दिली, चिमटे दिले, बटणांची पाटी दिली. आई काळजीत होती, तिला दोनदा समजवावं लागलं. महिन्यानंतर पेन्सिल दिली तेव्हा ती मुठीत नव्हती, बोटांत होती. अक्षर अजून वाकडंच होतं, पण पान फाटलं नाही. आणि पाणी प्यायला जाऊ का, हे त्या दिवशी त्यानं विचारलं नाही.

म्हणून पालकहो, यंदा मूल लिहीत नाही अशी काळजी वाटली तर वही उघडण्याआधी एकदा पाहा, त्याला स्वतःच्या शर्टाचं बटण लावता येतं का?