अनिताबाई बोर्ग

अनिता हे नाव आपल्याकडे घरोघर ऐकू येते. पण ज्यांची हकिकत मी सांगणार आहे त्या अनिताबाई बोर्ग अमेरिकेतल्या. संगणकाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या ठिकठिकाणच्या स्त्रियांना त्यांनी एकत्र आणले. मी सातवीपर्यंत शिकलेली. माझी मुलगी संगणकाचे शिक्षण घेते. तिच्याकडून हे चरित्र मी पुन्हा पुन्हा विचारून घेतले आणि मला जसे समजले तसे भगिनींपुढे ठेवीत आहे.

अनिताबाईंचा जन्म १७ जानेवारी १९४९ रोजी शिकागो येथे झाला. त्यांचे बालपण इलिनॉय, हवाई बेटे आणि वॉशिंग्टन राज्य अशा तीन ठिकाणी गेले. गणिताची आवड त्यांना पहिल्यापासून होती. परंतु संगणकाचे काम करावयाचे असे त्यांनी मुळीच ठरविले नव्हते. एका लहानशा विमा कंपनीत नोकरी करताना संगणकाला कामाच्या सूचना कशा लिहून द्यावयाच्या, हे त्या आपल्या आपणच शिकल्या. या विद्येवर पहिली नोकरी त्यांना १९६९ साली मिळाली. पुढे रीतसर अभ्यास करून १९८१ साली त्यांनी न्यूयॉर्क विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. एखादा भाग बिघडला तरी सबंध यंत्र बंद पडू नये, अशी व्यवस्था रचण्याचे काम त्यांनी प्रथम न्यू जर्सीत आणि मग जर्मनीत केले. १९८६ साली त्या कॅलिफोर्नियात डिजिटल कंपनीच्या संशोधनशाळेत आल्या.

१९८७ साली संगणकतज्ज्ञांची एक परिषद भरली होती. सभागृहात जिकडे पाहावे तिकडे पुरुषच. स्त्रिया अगदी मूठभर. त्यांतल्या सहा-सात जणींची गाठ पडली ती बायकांच्या प्रसाधनगृहात! तेथे गोष्टी निघाल्या. प्रत्येकीला वाटत होते की आपल्या कचेरीत आपणच तेवढ्या एकट्या. आपल्याकडे पूर्वी पाणवठ्यावर बायकांचे मन मोकळे होई, तसेच हे झाले. अनिताबाईंनी जमलेल्या बायकांचे संगणकावरचे पत्ते लिहून घेतले आणि अशी सोय केली की एकीने लिहिलेले पत्र एकाच वेळी सर्वजणींना पोहोचावे. संगणकाच्या यंत्रणेला सिस्टिम म्हणतात आणि बहिणीला सिस्टर. या दोन शब्दांची सांगड घालून त्यांनी या भगिनीवर्गाला 'सिस्टर्स' असे नाव दिले.

हळूहळू देशोदेशींच्या स्त्रिया त्यात आल्या. कामातली अडचण, नोकरीतला अन्याय, पुढे काय शिकावे, सारे तेथे विचारता येई. पुरुषांना त्यात प्रवेश नव्हता. साहजिकच आक्षेप आला की हा दुजाभाव आहे. अनिताबाईंचे म्हणणे असे की जेथे स्त्रिया इतक्या थोड्या आहेत, तेथे त्यांना आपसांत बोलावयाला जागा हवी. बाकीच्या सगळ्या सभा पुरुषांच्याच आहेत. हा आक्षेप आपल्यालाही नवा नाही. मंडळात जमून बायका करतात तरी काय, हे आपल्यापैकी किती जणींनी घरात ऐकले आहे!

त्यांनी काय केले त्याची एक गंमतीची गोष्ट आहे. १९९२ साली अमेरिकेत एक बोलकी बाहुली विकावयास आली. गणिताचा तास फार कठीण असतो, असे तिच्या तोंडी घातले होते. खेळता खेळता मुलींच्या मनात हे भरणार, म्हणून अनेक स्त्रियांनी निषेध केला. त्यात या भगिनीही होत्या. अखेर कंपनीने ते वाक्य काढून टाकले.

१९९४ साली टेल व्हिटनी या मैत्रिणीच्या साह्याने अनिताबाईंनी संगणकक्षेत्रातील स्त्रियांचा पहिला मेळावा वॉशिंग्टन शहरी भरविला. अमेरिकन नौदलातल्या थोर संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर १९९२ साली वारल्या होत्या. त्यांचेच नाव मेळाव्याला दिले. त्या वेळी सुमारे पाचशे जणी आल्या. २०१८ साली ह्यूस्टनच्या मेळाव्यात वीस हजारांहून अधिक माणसे जमली. २०१० साली आपल्या बंगळुरातही असा मेळावा झाला.

१९९७ साली त्यांनी स्त्रिया आणि तंत्रज्ञान या विषयाची स्वतंत्र संस्था काढली. नफा मिळविणे हा तिचा हेतू नव्हता. तंत्रज्ञानात स्त्रिया वाढाव्यात हा एक उद्देश. आणि यंत्रे कशी असावीत हे ठरविताना स्त्रियांचे ऐकले जावे हा दुसरा. म्हणून तिच्या सभांना इंजिनियर नसलेल्या साध्या बायकाही बोलावीत आणि तुम्हाला काय हवे, असे विचारीत. हा भाग मी मुलीला दोनदा सांगावयास लावला. मिक्सर, गॅसची शेगडी, मोबाइल, बँकेतले पैसे देणारे यंत्र ही सारी आपल्या हातांतून जातात. त्या यंत्रापुढे चष्मा काढीपर्यंत पडद्यावरची अक्षरे निघून जातात. पण ते तयार होत असताना आपल्याला कोणी विचारले होते काय?

२०२० सालापर्यंत संगणकक्षेत्रात निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा अनिताबाईंचा संकल्प होता. १९९९ साली त्यांच्या मेंदूत गाठ निघाली. तरीही २००२ पर्यंत त्यांनी संस्थेची धुरा वाहिली. त्याच वर्षी त्यांना अडीच लाख डॉलरचे हाइन्झ पारितोषिक मिळाले. ६ एप्रिल २००३ रोजी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. नंतर संस्थेला त्यांचेच नाव देण्यात आले.

संकल्प पुरा झाला नाही. अमेरिकेत संगणकाची पदवी घेणाऱ्या शंभरांत १९८४ च्या सुमारास सदतीस मुली होत्या. २०१० च्या सुमारास त्या अठरांवर आल्या. एकदा उघडलेले दार उघडेच राहते असे नाही, हे यावरून दिसते.

आपल्याकडे मुली संगणक शिकावयास हौसेने जातात. पुढे लग्न होते, मूल होते, आणि कित्येकींची नोकरी सुटते. आपल्याच आळीत अशा लेकी-सुना आहेत. काही जणी घरी बसून काम करतात, पण त्यांना तासभर शांतता मिळत नाही. आपल्या मंडळाची खोली दुपारी रिकामीच असते. ती दोन ते पाच त्यांच्यासाठी उघडी ठेवावी, आणि तेवढा वेळ त्यांची मुले आपण पाळीपाळीने सांभाळावीत, अशी सूचना मी येत्या सभेत मांडणार आहे. भगिनींनी तिचा विचार करून यावे.